पुढचे चाक कुठे ठेवावे?

रिकम्बंट सायकलवर स्वार आरामखुर्चीत रेलावे तसा पाठ टेकून बसतो आणि पाय पुढे लांब करून पॅडल मारतो. या बैठकीचे दोन फायदे सर्वांना ठाऊक असतात. वाऱ्याला अडणारे शरीर कमी होते आणि मान, मनगटे व बैठक यांवरचा ताण उतरतो. मात्र पाय पुढे गेले की तिथे आधीच असलेल्या पुढच्या चाकाचे काय करायचे, हा पेच प्रत्येक रचनाकारापुढे उभा राहतो. चाक पावलांच्याही पुढे न्यावे, मांड्यांखाली घ्यावे, की एकाची दोन चाके करून ती दोन्ही अंगांना लावावीत? सायकल वळेल कशी आणि थांबेल कशी, हे बहुतांशी याच एका निर्णयात ठरून जाते.

या सायकलींमध्ये इतके प्रकार का झाले, याचे एक कारण शर्यतींच्या नियमांत आहे. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर याने शार्ल मोशे यांनी घडवलेल्या रिकम्बंटवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४ सालचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मागे टाकला. फोर पहिल्या फळीतला शर्यतपटू नव्हता, त्यामुळे श्रेय पायांचे की यंत्राचे असा वाद लगेच सुरू झाला. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्याच अशी बांधली की पॅडल पुढे असलेली सायकल तिच्यात बसेना. नेहमीच्या सायकली त्यानंतर एकाच साच्यातून निघत राहिल्या. वेशीबाहेर काढलेल्या रिकम्बंटला मात्र कोणताच साचा उरला नाही, आणि ज्याला जसे सुचले तसे त्याने चाक ठेवले.

आधी थांबण्याचे गणित पाहू. ब्रेक लागला की जमीन टायरला मागे खेचते, पण स्वाराचे शरीर पुढे जाऊ पाहते, आणि मागच्या चाकावरचा भार पुढच्यावर सरकतो. मंदन, म्हणजे वेग उतरण्याचा दर, एका मर्यादेपलीकडे गेले की मागचे चाक जमीन सोडते आणि स्वार हँडलवरून पालथा जातो. ही मर्यादा एका भागाकारात निघते. पुढचे चाक जमिनीला टेकते त्या बिंदूपासून गुरुत्वमध्य आडव्या मापाने जितका मागे असेल, त्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. नेहमीच्या सायकलीवर हे अंतर सुमारे ६० सेंटिमीटर आणि उंची सुमारे ११० सेंटिमीटर धरली, तर उत्तर ०.५५ येते. म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या ५५ टक्क्यांहून जास्त जोराने ती सायकल थांबवताच येत नाही. कोरड्या डांबरावर टायरची पकड ०.७ च्या आसपास धरायला हरकत नाही. टायर अजून रोखायला तयार असतो, पण त्याआधी सायकलच उलटायला निघते. ताशी ३० किलोमीटर वेगावरून ०.५५ च्या मंदनाने थांबायला सुमारे ६.४ मीटर लागतात, ०.७ ने सुमारे ५ मीटर. रिकम्बंटवर गुरुत्वमध्य खाली येतो, म्हणजे भागाकारातला छेद लहान होतो. अंशाचे काय होते, ते चाकाच्या जागेवर अवलंबून राहते.

चाक पावलांच्या पुढे नेले की लांब बांध्याची रिकम्बंट तयार होते. दोन चाकांच्या आसांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस, दीड मीटरच्या पुढे जातो. नेहमीच्या सायकलीत तो एक मीटरच्या आसपास असतो. व्हीलबेस १७० सेंटिमीटर, गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून ११० सेंटिमीटर मागे आणि ७५ सेंटिमीटर उंच असे धरले, तर वरच्या भागाकाराचे उत्तर जवळजवळ दीड येते. अशी सायकल ब्रेकने उलटी करणे कोरड्या रस्त्यावर अशक्य आहे, कारण टायर त्याच्या कितीतरी आधी घसरेल. या सुरक्षिततेची किंमत मात्र पुढच्या चाकाच्या हलकेपणात चुकवावी लागते. एकूण वजनाचा जेमतेम ३५ टक्के वाटा त्याच्यावर असतो. नुसता पुढचा ब्रेक दाबला तर मंदन ०.३५ च्या थोडेसेच पुढे जाते, नुसता मागचा दाबला तरी जवळपास तेवढेच मिळते. थांबायला दहा मीटर लागतात. पूर्ण ताकद हवी तर दोन्ही ब्रेक एकदम आणि मापात लावावे लागतात. नेहमीच्या सायकलवर पुढच्या ब्रेकवर विसंबण्याची सवय झालेल्या माणसाला हे नव्याने शिकावे लागते. ओल्या रस्त्यावर किंवा बारीक खडीवर हे हलके चाक आधीच कमी पकड घेऊन चाललेले असते. ते ब्रेकने अडकून आडवे सरकले, तर दुचाकी सावरण्याची संधी जवळजवळ नसते. अशा रस्त्यावर मागच्या ब्रेकवर जास्त भर देणेच शहाणपणाचे.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले अभियांत्रिकीचे प्राध्यापक डेव्हिड गॉर्डन विल्सन यांचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आधीचे नमुने आखूड होते आणि त्यांत पुढच्या चाकावर भार फार येत असे. तो कमी करण्यासाठी चाक पुढे ढकलत ते अवतार २००० या लांब बांध्याच्या सायकलीपर्यंत पोहोचले. कॅलिफोर्नियात गार्डनर मार्टिन यांनीही लांब बांधाच धरला. त्यांच्या गोल्ड रश या आवरण चढवलेल्या सायकलवर फ्रेड मार्कहॅम याने १९८६ मध्ये ताशी १०५ किलोमीटरचा वेग ओलांडला.

वेगात लांब बांधा शांत असतो. खड्ड्यातून चाक गेले तरी हादरा सीटपर्यंत बोथट होऊन पोहोचतो आणि हँडल थोडे हलले तरी सायकल लगेच दिशा बदलत नाही. हाच गुण गल्लीत अंगलट येतो. चार मीटर त्रिज्येच्या वळणासाठी एक मीटर व्हीलबेसच्या सायकलीचे चाक साधारण १४ अंश वळवावे लागते, १७० सेंटिमीटरच्या सायकलीचे २३ अंश. त्यात हँडल सीटपर्यंत आणण्यासाठी त्याच्या दांड्या मागे लांबवलेल्या असतात, त्यामुळे हात होडीच्या सुकाणूसारखे डावी-उजवीकडे सरकवावे लागतात. पुढचे चाक धरणारा चिमटा फार तिरका ठेवला तर हळू वेगात चाक आपल्याच भाराने एका बाजूला लोळू पाहते. लोकांनी गजबजलेल्या रस्त्यावर अशी सायकल चालवणे म्हणजे लांब शिडी खांद्यावर घेऊन बाजारातून जाण्यासारखे आहे.

चाक मांड्यांखाली, पॅडलच्या मागे घेतले की आखूड बांध्याची रिकम्बंट होते. व्हीलबेस पुन्हा एक मीटरच्या आसपास येतो, पॅडल चाकाच्या पुढे निघालेल्या नळीवर जातात आणि वजनाचा निम्म्याहून जास्त भाग पुढच्या चाकावर पडतो. गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून ५० सेंटिमीटर मागे आणि ७० सेंटिमीटर उंच असेल, तर भागाकार ०.७१ येतो. टायरची पकड आणि उलटण्याची मर्यादा इथे जवळपास एकाच ठिकाणी भेटतात. पुढचा एकटा ब्रेक जवळजवळ सगळे काम करतो आणि पाच मीटरमध्ये थांबवतो. मागचा एकटा ब्रेक मात्र पंधरा मीटरहून जास्त घेतो. चटकन वळणारा हा बांधा शहरात सोयीचा आणि रेल्वेच्या डब्यात, गाडीत चढवायलाही सोपा आहे. त्याची खोड वेगळीच आहे. तीव्र वळणात टाच पुढच्या चाकाला घासते, कारण पाय आणि चाक एकाच जागेवर हक्क सांगतात. अनुभवी स्वार वळताना आतल्या बाजूची टाच वर-पुढे असताना पॅडल मारणे थांबवतो. नवशिक्याला हा धडा सहसा सिग्नलपाशी यू-टर्न घेताना मिळतो.

आखूड बांध्याच्याच दोन टोकांच्या जाती आहेत. हायरेसरला दोन्ही चाके मोठी असतात आणि सीट उंच असते. गुरुत्वमध्य ८० सेंटिमीटरच्या आसपास गेला की उलटण्याची मर्यादा ०.६२ पर्यंत उतरते. ती नेहमीच्या सायकलीपेक्षा चांगली असली तरी जोराच्या ब्रेकने मागचे चाक उचलले जाऊ शकते. लोरेसरवर स्वार जमिनीपासून वीतभर उंचीवर झोपल्यासारखा असतो. गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर धरला तर मर्यादा १ वर जाते, म्हणजे तिथे उलटण्याची भीती संपते आणि घसरण्याची तेवढी उरते. घसरून पडणेही फुटभर उंचीवरून असते आणि पाय पुढे असतात, डोके मागे. नेहमीच्या सायकलीवरून तोंडावर आपटणारा माणूस या बाबतीत नक्कीच तोट्यात असतो. लोरेसर रहदारीत मोटारींना दिसत नाही, ही गोष्ट या गणितात येत नाही, पण ती विसरून चालत नाही.

ब्रेकच्या बाबतीत जो खालीपणा उपकारक, तोच तोल सांभाळताना जड जातो. सायकल पडू लागते त्या बाजूला चाक वळवून चाके पुन्हा वजनाखाली आणणे, एवढीच दुचाकीचा तोल राखण्याची युक्ती आहे. आता तळहातावर खराट्याची दांडी उभी तोलता येते, पेन्सिल तोलता येत नाही. दांडी उंच असल्यामुळे सावकाश पडते आणि हाताला सावरायला वेळ मिळतो. गुरुत्वमध्य ११० सेंटिमीटरवर असताना पडण्याचा स्वाभाविक कालावधी सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढा असतो. ५० सेंटिमीटरवर तो पाव सेकंदाच्याही खाली येतो. शिवाय नेहमीच्या सायकलीवर स्वार कंबर हलवून, उभे राहून, सायकल अंगाखाली डोलवून मदत करतो. पाठ टेकून बसलेल्याला ही सोय नाही, त्याच्याकडे फक्त हँडल उरते. म्हणून लोरेसर हलताना पहिली काही मीटर नागमोडी जाते आणि चढावर ताशी सहा-सात किलोमीटरच्या वेगात तिला सरळ रेषेत ठेवणे हे कसबाचे काम होते. वेग वाढला की ही अडचण विरून जाते.

सायकल स्वतःहून सरळ का चालते, याची जुनी उत्तरे दोन होती. एक, फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा गुण आणि दुसरे, ट्रेल. चिमट्याचा अक्ष पुढे वाढवला तर तो जमिनीला जिथे लागतो, त्याच्या मागे टायर टेकतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. टेबलाखालची छोटी चाके ओढली की मागे वळून सरळ होतात, त्याच तत्त्वावर ते चाकाला सरळ ठेवते. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले की हे दोन्ही गुण काढून टाकलेली सायकलही विशिष्ट वेगात स्वतःचा तोल राखू शकते. वजनाची वाटणी नीट असली म्हणजे झाले. रिकम्बंटच्या रचनाकारांना हे अनुभवाने थोडेफार कळलेलेच होते. जर्मनीतल्या युर्गेन मागेस यांच्या पायथन या लोरेसरला ट्रेल उलटा, म्हणजे ऋण आहे. सायकल मधोमध दुमडते आणि वळताना स्वाराचे वजन किंचित उचलले जाते. ते खाली येऊ पाहते तेव्हा सायकल सरळ होते. नेदरलँड्सच्या फ्लेवोबाइकनेही अशीच मधोमध वळणारी सायकल विकली. तिचे सुकाणू मुख्यतः पायांनी चालते. शिकायला दिवसच्या दिवस जातात, पण एकदा अंगात भिनली की हात डोक्यामागे घेऊन चालवता येते.

अमेरिकेच्या क्रूझबाइकवर पॅडल आणि चेन दोन्ही पुढच्या चिमट्यालाच जोडलेली आहेत, त्यामुळे ती चाकाबरोबर वळतात आणि टाच घासण्याचा प्रश्न मुळातच निकालात निघतो. चेनही नेहमीच्या सायकलीएवढी आखूड राहते. बदल्यात प्रत्येक पॅडल हँडलला एका बाजूला ढकलते आणि दंडांनी ते सावरावे लागते. पहिल्या आठवड्यात वैताग देणारी ही गोष्ट नंतर उपयोगी पडते, कारण चढावर दंडांचाही जोर लागतो. २०१३ मध्ये मारिया पार्कर यांनी अमेरिका आडवी ओलांडणारी रेस अॅक्रॉस अमेरिका ही शर्यत अशाच सायकलवर स्त्रियांच्या एकल गटात जिंकली. पुढच्या चाकाला गती देणाऱ्या सायकलीचे एक वैगुण्य मात्र उरतेच. ओल्या, उभ्या चढावर भार मागे सरकतो आणि पुढचे चाक जागच्या जागी फिरू लागते.

तीन चाके घेतली की तोल सांभाळण्याचा प्रश्न सुटतो, आणि त्याच्या जागी कलंडण्याचा प्रश्न येतो. एक चाक पुढे आणि दोन मागे ही मांडणी महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावी लागत नाही, कारण रिक्षा तशीच असते. दिव्यांगांच्या हाताने चालवायच्या तीनचाकीही बहुतेक याच घडणीच्या. सायकलींत हिला डेल्टा म्हणतात. दोन चाके पुढे आणि एक मागे असेल तर टॅडपोल, म्हणजे शेपटीवाले बेडकाचे पिल्लू. दोघांचीही मापे अगदी सारखी धरून तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. दोन चाकांमधली रुंदी ८० सेंटिमीटर, व्हीलबेस एक मीटर, गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटर उंच आणि जोडचाकांच्या आसापासून ३५ सेंटिमीटरवर. सपाट रस्त्यावर न ब्रेक मारता वळताना दोन्ही ०.५८ एवढ्या बाजूच्या ओढीला कलंडतात. दहा मीटर त्रिज्येच्या वळणात ही वेळ ताशी सुमारे २७ किलोमीटरला येते, तेही स्वार आतल्या अंगाला झुकला नाही तर. आता वळणातच ०.३ एवढ्या जोराने ब्रेक लावला. भाराची रेषा सुमारे साडेतेरा सेंटिमीटर पुढे सरकते. टॅडपोलमध्ये पुढे रुंद पाया आहे, म्हणून कलंडण्याची मर्यादा ०.७० पर्यंत वाढते. डेल्टामध्ये पुढे एकच चाक, पाया निमुळता, म्हणून ती ०.४६ पर्यंत घसरते. वळणावर रिक्षावाल्याने घाबरून ब्रेक मारला की रिक्षा का कलंडते, याचेही उत्तर इथेच आहे. डेल्टा वळणाच्या आधी मंद करायची आणि वळणात ब्रेकला हात लावायचा नाही, हा तिच्यावरचा पहिला नियम.

डेल्टाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. तिची सीट उंच ठेवता येते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना बसा-उठायला सोपी जाते. पुढचे एकटे चाक जवळजवळ काटकोनात वळू शकते आणि सायकल अंगणाएवढ्या जागेत फिरते. ब्रेकसाठी मात्र पुढच्या हलक्या चाकावर भिस्त ठेवणे चूक ठरते. वजन मागे असल्याने खरा ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना हवा.

टॅडपोलचे पुढचे टोक जास्त गुंतागुंतीचे असते. वळताना आतले चाक लहान वर्तुळात आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळात जाते, म्हणून आतले चाक जास्त वळायला हवे. नाहीतर टायर रस्त्यावर खरवडले जातात. यासाठीची जोडणी म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर यांनी घोडागाडीसाठी शोधली. तिचे इंग्लंडमधले पेटंट १८१८ मध्ये त्यांचे प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान यांनी घेतले आणि नाव आकरमानचेच चिकटले. दुसरी बाब ब्रेकची. चाकाचा वळण्याचा अक्ष जमिनीला टायरच्या मधोमध लागत नसेल, तर एका बाजूचा ब्रेक दाबताच हँडल त्या बाजूला ओढले जाते. म्हणून चांगल्या टॅडपोलमध्ये हा अक्ष आतल्या बाजूला झुकवून तो टायरच्या टेकण्याच्या जागी मिळवतात. मग एका लिव्हरनेही सायकल सरळ थांबते. वरच्याच मापांनी उलटण्याची मर्यादा ०.७८ येते. जोराने ब्रेक मारला की टॅडपोलचे मागचे चाक क्षणभर उचलले जाते, त्याचे कारण हे. हँडल बहुधा सीटच्या दोन्ही बाजूंना असते आणि हात कोपरात न वाकवता खाली सोडलेले राहतात. इंग्लंडच्या माइक बरोज यांच्या विंडचीटामध्ये मात्र मांड्यांमध्ये विमानासारखी एकच दांडी आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ख्रिस बोर्डमन ज्या लोटस या सायकलवर जिंकला, तीही बरोज यांच्याच कल्पनेतली.

तीनचाकीवर एक धोका दुचाकीवर नसलेला आहे. चालत्या सायकलवर पाय पॅडलवरून सटकून जमिनीला लागला तर तो सायकलखाली मागे ओढला जातो आणि घोट्याचे किंवा पायाचे हाड मोडू शकते. म्हणून पावले पॅडलला अडकवून ठेवणारे बूट किंवा टाचेला आधार देणारे पट्टे वापरले जातात. दुचाकीवर पाय अडकलेला असणे नवशिक्याला घाबरवते, इथे नेमके तेच सुरक्षित असते.

ब्रेकच्या सामानातही चाकाचा आकार हिशेबात येतो. रिकम्बंटचे पुढचे चाक अनेकदा वीस इंची असते. डिस्क आणि कॅलिपर तेच ठेवले तर लहान चाकावर जमिनीशी मिळणारा जोर मोठ्या चाकाच्या तुलनेत एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून छोटी डिस्कही पुरते. रिमवर घासणाऱ्या रबरी ब्रेकला हा फायदा मिळत नाही. उलट लहान रिम लांब उतारावर लवकर तापते. लांब बांध्याच्या सायकलीत मागच्या ब्रेकची केबल दोन मीटरच्या आसपास जाते आणि वाकणांतून घासत गेल्यामुळे लिव्हर मऊ, स्पंजासारखी वाटते. तिथे तेलाचा ब्रेक उपयोगी पडतो. आवरणात बंद असलेल्या वेलोमोबाइल या तीनचाकींत ड्रम ब्रेक लोकप्रिय आहेत, कारण पाणी, माती आत जात नाही आणि वर्षानुवर्षे उघडावे लागत नाहीत. क्वेस्ट ही अशीच वेलोमोबाइल नेदरलँड्समधल्या ड्रोन्टनची. समुद्राचे पाणी उपसून मिळवलेली ती सपाट जमीन, तिथे ड्रम कधीच तापत नाही. तीच सायकल आल्प्सच्या घाटातून उतरवली की गोष्ट वेगळी होते. एकतर हवा तिला रोखत नाही, त्यामुळे वेग भराभर वाढतो. नेहमीच्या सायकलीवर छाती उभी करून वाऱ्याचा ब्रेक घेता येतो, तो इथे उपलब्धच नाही. सगळी ऊर्जा दोन छोट्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठते आणि ब्रेक हळूहळू बोथट होतो. घाटात राहणारे स्वार म्हणून ड्रमभोवती थंड होण्यासाठी पंख जोडतात, किंवा मध्ये थांबून तो निवू देतात.

थांबल्यानंतरचीही सोय लागते. दुचाकी रिकम्बंटला स्टँड लागतो, तीनचाकीला लागत नाही. पण ती आडवी पडत नसल्यामुळे उतारावर सोडली की निमूटपणे निघून जाते. बहुतेक टॅडपोलवर मागच्या चाकाला वेगळा ब्रेक असतो, तो चालताना फारसा वापरत नाहीत, उभी करताना ओढून अडकवतात. ज्यांच्याकडे तो नाही, ते लिव्हर दाबून त्यावर एक जाड रबरबँड चढवतात.